टेबलावरचे प्रगतिपुस्तक

'कौशल्य' हा शब्द आम्हाला खऱ्या अर्थाने बी.एड.च्या वर्षात भेटला. सूक्ष्म अध्यापनाच्या तासाला एकेक कौशल्य सुटे करून शिकावे लागे. प्रश्न विचारण्याचे कौशल्य, फलकलेखनाचे कौशल्य, उदाहरण देण्याचे कौशल्य. सहा-सात मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी म्हणून बसलेल्या आमच्याच मैत्रिणी आणि मागच्या बाकावर निरीक्षण तक्ता भरणाऱ्या प्राध्यापिका. तेव्हापासून या शब्दाबद्दल आमच्या मनात आदर आहे. कौशल्य म्हणजे कष्टाने कमावलेली गोष्ट आणि ती कुणाच्या तरी कामी येते, असे आम्ही धरून चाललो होतो.

पुढे हाच शब्द मोबाइलवरच्या जाहिरातीत दिसू लागला. रमी असो की पोकर, खाली बारीक अक्षरांत हमखास लिहिलेले असे की हा कौशल्याचा खेळ आहे. त्यामागे कायद्याचा आधार होता. रमीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच सांगितले होते की पडलेले पत्ते ध्यानात ठेवणे, हातातले जुळवणे याला अक्कल लागते, म्हणून तो निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे. पोकरबाबत उच्च न्यायालयांची मते वेगवेगळी पडली. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रमी आणि पोकर हे कौशल्याचे खेळ मानले. वर्षानुवर्षे वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला, की यात नशीब किती आणि कौशल्य किती.

कौशल्य आहे हे मान्य केले, तरी ते नेमके कशाचे, हा प्रश्न मात्र उरतोच. त्याचे उत्तर आम्हाला आमच्याच घराच्या वरच्या खोलीत पाहायला मिळाले.

२०२० च्या टाळेबंदीत आमचा खालाजाद भाऊ पुण्याहून सोलापूरला आला आणि आमच्याकडेच राहिला. संगणकाचा डिप्लोमा झालेला, वय पंचवीस, नोकरी अर्ध्या पगारावर आलेली. दिवसा झोपायचा आणि रात्रभर जागायचा. आम्ही खालच्या खोलीत दहावीच्या मुलींना मोबाइलवरून बीजगणित शिकवायचो, तेव्हा वरून त्याच्या माऊसचा टकटक आवाज यायचा. एकदा सेहरीच्या वेळी चहा द्यायला गेलो, तर स्क्रीनवर चार हिरवी टेबले मांडलेली. प्रत्येक टेबलाभोवती सहा खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीखाली एक छोटा चौकोन. चौकोनात नुसते आकडे.

"ये क्या है?" आम्ही विचारले.

"पोकर है बाजी. लेकिन पत्ते मत देखो, ये नंबर देखो."

पत्त्यांचे ज्ञान आमच्या घरात कुणालाच नाही. पण आकडा म्हटला की गणिताच्या शिक्षकाचे पाय तिथे थांबतात. त्याने खेळ समजावून सांगितला. प्रत्येकाला दोन पत्ते गुपचूप मिळतात, पाच पत्ते मध्ये सर्वांसमोर टप्प्याटप्प्याने उघडतात, आणि या सातांतून ज्याचे पाच सर्वांत वरचढ, पैसा त्याचा. दर टप्प्याला तीन वाटा असतात. पत्ते टाकून बाजूला व्हायचे, समोरच्याने लावले तेवढे लावायचे किंवा त्याहून वाढवायचे. खेळणारे त्यांना फोल्ड, कॉल आणि रेज म्हणतात.

चौकोनातले आकडे याच तीन वाटांचे होते. पहिला आकडा सांगतो, हा माणूस शंभरातल्या किती डावांत आपण होऊन पैसे टाकतो. दुसरा सांगतो, मधले पत्ते उघडण्याआधीच तो किती डावांत रक्कम वाढवतो. तिसरा आकडा म्हणजे भागाकार: लावलेल्या आणि वाढवलेल्या चाली वर, नुसत्या कॉलच्या चाली खाली. जो सहा जणांच्या टेबलावर शंभरातले बावीसेक डाव खेळतो आणि त्यांतले बहुतेक वाढवून खेळतो, तो जाणकार. जो साठ डाव खेळतो आणि क्वचितच वाढवतो, तो करमणुकीला आलेला. त्याला कुठलाही पत्ता टाकवत नाही आणि चांगला पत्ता ओळखता येत नाही.

हे आकडे एक सॉफ्टवेअर काढत होते. संगणकावर झालेल्या प्रत्येक डावाची नोंद ते उचलते, साठवते आणि तोच माणूस पुन्हा समोर आला की त्याच्या नावाखाली त्याचा सारा इतिहास मांडते. खऱ्या पैशांचा पोकर इंटरनेटवर १९९८ मध्ये सुरू झाला आणि 'पोकरट्रॅकर' नावाचे हे सॉफ्टवेअर २००१ मध्येच आले. २००३ मध्ये मनीमेकर आडनावाच्या एका अमेरिकन हिशेबनिसाने इंटरनेटवरच्या शंभराहून कमी डॉलरच्या स्पर्धेतून वाट काढत लास व्हेगासची जागतिक स्पर्धा जिंकली, पंचवीस लाख डॉलर घेतले आणि त्याचे पाहून हजारो नवखे लोक खेळायला बसले. २००८ मध्ये 'होल्डम मॅनेजर' हे दुसरे सॉफ्टवेअर आले. समोरासमोर खेळताना माणसाचा चेहरा दिसतो, थरथरणारा हात दिसतो. इंटरनेटवर चेहरा नाही. म्हणून चेहऱ्याच्या जागी आकडे आले.

खरे सांगायचे तर प्रथमदर्शनी आम्हाला ती गोष्ट आवडली. आमच्या विषयाचा असा रोकडा उपयोग आम्ही कधी पाहिला नव्हता. बावन्न पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या जोड्या १,३२६ होतात, त्यांत दोन एक्क्यांच्या फक्त सहा. म्हणजे २२१ डावांत सरासरी एकदा. हे धाकट्याला तोंडपाठ होते. शाळेत याच मुलाला आम्ही अपूर्णांक शिकवताना रडवेला झालेला पाहिले होते.

आम्ही त्याला एक शंका विचारली. वीस डाव पाहून काढलेली टक्केवारी खरी कशी मानायची? एखाद्याच्या नावाखाली २५ टक्के दिसले, पण डाव वीसच असतील, तर त्याची खरी सवय सहा टक्के असू शकते आणि चव्वेचाळीसही. शंभर डाव झाले की ती साधारण सतरा ते तेहतीसच्या मध्ये येते. धाकटा खूश झाला. म्हणाला, "बाजी, इसीलिए तो मैं रात भर बैठता हूँ." प्रत्येक नावापुढे शेवटी आणखी एक आकडा होता: या माणसाचे किती डाव आपल्याकडे नोंदवलेले आहेत. काहींचे दोन हजारांवर होते. दोन हजार डावांनंतर आकडा फारसा खोटे बोलत नाही.

मग त्याने नावांपुढची चिन्हे दाखवली. वारंवार नुसता कॉल करणाऱ्यापुढे टेलिफोन. कधीच न हलणाऱ्यापुढे दगड. आणि काहींपुढे एक छोटा मासा.

"ये मछली है. इसी से घर चलता है."

जिथे मासे जास्त, त्या टेबलावर जाऊन बसायचे. बसायचे तेही माशाच्या डाव्या हाताला, कारण पाळी डावीकडे सरकते. त्याची चाल आधी दिसते, आपली नंतर करायची. परदेशात तर अशी सॉफ्टवेअर निघाली होती की ती रात्रंदिवस सगळ्या टेबलांवर नजर ठेवत आणि मासा बसला रे बसला की त्याच्या शेजारची खुर्ची मालकासाठी आपोआप धरत. मासा उठला की टेबल दोन मिनिटांत रिकामे होई. बाकीच्या पाच जणांना एकमेकांशी खेळायचेच नसे.

आम्ही एका माशाची नोंद उघडून पाहिली. आकड्यांखाली धाकट्याने स्वतः टिपण केले होते. 'रात्री एकनंतर हरला की चिडतो, दुप्पट लावतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो. वीस तारखेनंतर दिसत नाही.'

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोण येतो, हे पगारावर जगणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्या नावामागे एक घर होते. त्या घरात किराण्याची यादी होती, दुधाचे बिल होते. सॉफ्टवेअरला हे ठाऊक नव्हते. धाकट्याला ते ठाऊक झाले होते, आणि त्या माहितीचा उपयोग एवढाच, की पहिल्या आठवड्यात जास्त जागायचे.

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवणारे एक सर आहेत. वयाने आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, शांत स्वभावाचे. कुणाच्या रजेवर बदली तास घ्यायला कधी नाही म्हणणार नाहीत. टाळेबंदीत त्यांच्याही मोबाइलवर तो खेळ शिरला. आधी फुकटच्या नाण्यांवर, मग पन्नास रुपयांवर. शाळा पुन्हा सुरू होईपर्यंत त्यांनी शिक्षकांच्या पतसंस्थेतून घरदुरुस्तीच्या नावाने दोन लाखांचे कर्ज उचलले होते. घराच्या गच्चीला पावसाळ्यात गळती लागली, तेव्हा भाभींना संशय आला. त्या आमच्याकडे आल्या आणि बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "टीचर, छत का पैसा किधर गया, वो तुम पूछो. मैं पूछूँ तो वो रोते हैं."

आम्ही सरांना विचारले. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, पत्ता साथ देत नाही. दिवस फिरले की निघून येईल." त्यांचा सारा विश्वास नशिबावर होता. ज्या खेळाला कंपनी कौशल्याचा खेळ म्हणत होती, तो सर नशिबाचा म्हणून खेळत होते.

त्या क्षणी आम्हाला न्यायालयातल्या वादाची दुसरी बाजू दिसली. निव्वळ नशिबाचा खेळ असता, तर सर इतरांइतकेच वेळा जिंकले असते आणि इतरांइतकेच हरले असते. खेळात कौशल्य जितके जास्त, तितके कमी कौशल्याच्या माणसाचे हरणे पक्के. 'कौशल्याचा खेळ' हे शब्द कंपनीला कायद्यापासून ढाल म्हणून उपयोगी पडत होते. सरांसाठी तीच धोक्याची पाटी होती, आणि ती त्यांना वाचता येईल अशी कुणी लावली नव्हती. कंपनी तर दोन्हीकडे सुरक्षित. ती कुणाशी खेळतच नाही, टेबल भाड्याने देते. प्रत्येक डावातल्या रकमेतून साधारण पाच टक्क्यांपर्यंतचा ठरावीक वाटा काढून घेते, जिंको कुणीही. सहा अगदी सारख्या बुद्धीचे लोक वर्षभर खेळले, तर वर्षअखेर सहाही जण तोट्यात असतील.

धाकटा आमच्यावर नाराज झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मी कुणाला बोलावत नाही, कुणाचे पत्ते चोरून पाहत नाही. जे सर्वांसमोर टेबलावर घडते तेवढेच लिहून ठेवतो. क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या चुका टिपून गोलंदाज लावत नाहीत का? वकील समोरच्या वकिलाचा अभ्यास करत नाही का?

त्याच्या म्हणण्यात तथ्य होते आणि ते झटकून टाकावे असे आम्हाला वाटले नाही. याच नोंदींनी एकदा मोठी चोरीही पकडून दिली आहे. २००७ मध्ये 'अॅब्सोल्यूट पोकर' नावाच्या साइटवर एक जण इतका अचूक खेळत होता, की इतर खेळाडूंना शंका आली. एका हरलेल्या खेळाडूने स्पर्धेची नोंद मागितली, तर कंपनीकडून चुकून सर्वांचे झाकलेले पत्तेसुद्धा त्यात आले. खेळाडूंनी आकडेमोड केली आणि सिद्ध झाले की आतल्या कुणाच्या तरी मदतीने तो माणूस सर्वांचे पत्ते पाहून खेळत होता. पुढच्या वर्षी 'अल्टिमेटबेट' या साइटवरचा तसाच प्रकार बाहेर आला. तिथेही आधी आकडेच बोलले. म्हणजे नोंद ठेवणे वाईट नाही. नोंद कुणाची, कुणासाठी आणि ज्याची आहे त्याला ती दिसते की नाही, यावर सारे आहे.

आम्ही शिक्षक तरी दुसरे काय करतो? निदान चाचणी घेतो. कुठल्या मुलीला हातचा जमत नाही, कुणाला ऋण चिन्ह आले की घाम फुटतो, हे तक्त्यात लिहितो. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रत्येक मुलाच्या नावापुढे वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. 'घाईने उत्तर देते.' 'दुपारनंतर लक्ष लागत नाही.' धाकट्याच्या वहीतले 'रात्री एकनंतर चिडतो' हे वाक्य आमच्या नोंदवहीत शोभले असते. फरक एवढाच, की आमच्या निदान चाचणीनंतर उपचारात्मक अध्यापन येते. दुपारनंतर लक्ष लागत नाही म्हणून तिचा गणिताचा तास सकाळी ठेवायचा. धाकट्याच्या वहीत निदानानंतर शिकार येत होती. दुसऱ्याची दुबळी जागा सापडली की शिक्षक तिथे हात देतो. तिथेच हात घालणाऱ्याला आम्ही काय म्हणावे?

आमच्या घरात जुगार हराम आहे हे धाकट्याला सांगण्याची गरज नव्हती. ते त्याला ठाऊक होते आणि त्यावर त्याने 'स्किल' हा शब्द झाकण म्हणून ठेवला होता. आम्ही त्याला सूरह हुजुरातची आठवण दिली. तिथे फाजील संशयाला आणि लोकांच्या मागावर राहून त्यांची उणी बाजू धुंडाळण्याला मनाई आहे. 'तजस्सुस' हा शब्द लहानपणी मकतबमध्ये त्यानेही ऐकला होता. तो म्हणाला, "वो तो पड़ोसियों के बारे में है." आम्ही म्हटले, तू ज्याच्या डाव्या हाताला जाऊन बसतोस, तो तुझा कोण लागतो?

तो गप्प राहिला, पण पटले असे नाही. उपदेशाने कुणाला पटते यावर शिक्षकाचाच विश्वास सर्वांत कमी असतो. म्हणून आम्ही आमच्या पद्धतीने एक चाचणी ठरवली.

जानेवारी २०२१ मधला रविवार होता. सर आणि भाभी आमच्याकडे आले. धाकट्याने पत्त्यांचा एक नवा कॅट आणला होता. आमच्या घरात पत्ते पहिल्यांदाच शिरले. अम्मीने तोंड फिरवून तसबीह हातात घेतली. पैसे नाहीत, नाणी नाहीत, मोबाइल बाजूला. धाकट्याने पत्ते पिसून सरांना दोन द्यायचे आणि सरांनी एवढेच सांगायचे: टाकणार, खेळणार की वाढवणार. मग दोन्ही पत्ते कॅटात परत आणि पुन्हा पिसणे. असे शंभर वेळा. आम्ही वहीत ताळ्याच्या खुणा करत होतो, सहावीतल्या मुली करतात तशा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. शेजारी एक जास्तीचा रकाना होता. तीच जोडी धाकट्याने खेळली असती का, ते तो आम्हाला बोटाने खुणावत होता.

दीड-दोन तास गेले. सरांना कुठलाही एक्का सोडवेना. दोन्ही पत्ते बदाम किंवा दोन्ही किलवर आले की डोळे चमकत. एकाच जातीच्या अशा दोन पत्त्यांतून पाच जुळण्याचा योग शेवटपर्यंत थांबले तरी शंभरात सहा-सात वेळाच येतो, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. राणी आणि चौकी आली, तर म्हणाले, "राणी आहे, राहू द्या."

शंभर झाले. आम्ही खुणा मोजल्या. सरांनी ६३ जोड्या खेळल्या होत्या आणि वाढवल्या होत्या ३. धाकट्याच्या रकान्यात खेळलेल्या जोड्या होत्या २१.

सरांनी वही हातात घेतली. धाकट्याने लॅपटॉप उघडून त्यांना एक चौकोन दाखवला. आकडे होते ६१ आणि ४. नाव कुठल्या तरी अनोळखी माणसाचे, पुढे छोटा मासा.

"मतलब, ये सबको दिखता था?" सरांनी विचारले.

"सबको नहीं सर. जिनके पास है, उनको. कुछ ऐप पर ये नहीं चलता, वहाँ लोग हाथ से रंग लगाते हैं, नोट लिखते हैं. और कंपनी के पास तो सब रहता है."

"और मुझे?"

धाकट्याने उत्तर दिले नाही. तो लॅपटॉपकडे पाहत राहिला. नंतर त्याने आम्हाला सांगितले, की दोन वर्षांत त्याने हजारो लोकांचे आकडे पाहिले, पण आकड्यामागचा माणूस त्याच्यासमोर सतरंजीवर पहिल्यांदाच बसला होता.

शिक्षक म्हणून आम्हाला त्या दिवशी जे लागले ते हे. सरांचे प्रगतिपुस्तक तयार होते. त्यांच्या कंपनीकडे त्यांच्या प्रत्येक डावाची नोंद होती आणि टेबलावरच्या अनोळखी माणसांना ते काय आहेत हे कळत होते. फक्त ज्याचे प्रगतिपुस्तक, त्याच्या हाती ते कधी दिले गेले नाही. 'तुम्ही शंभरातले त्रेसष्ट डाव खेळता, जिंकणारे एकवीस खेळतात,' एवढे एक वाक्य पैसे भरण्याच्या बटणाशेजारी लिहिले असते, तर कौशल्याचा खेळ म्हणण्याला काही अर्थ होता. नापास होणाऱ्या मुलाला निकाल न दाखवता दर महिन्याला फी घेत राहणारी शाळा आम्ही कुठे पाहिलेली नाही.

परदेशातल्या कंपन्यांनी यावर काही उपाय केले. 'बोडॉग'ने २०११ मध्ये टेबलावरची नावेच काढून टाकली. 'पोकरस्टार्स'ने २०१५ मध्ये खुर्ची धरून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर बंदी घातली. 'पार्टीपोकर'ने जून २०१९ मध्ये हे आकड्यांचे चौकोन बंद केले आणि जुने साठे निरुपयोगी व्हावेत म्हणून खेळाडूंना नावे बदलायला लावली. हे वाचून आधी बरे वाटते. पण कारण समजून घेतले पाहिजे. नवखे लोक फार लवकर हरून निघून जात होते. तळ्यातले मासे संपत आले की तळ्याच्या मालकालाही काळजी वाटते. उपाय केला तो मासा हळूहळू संपावा म्हणून.

त्या रविवारनंतर सरांनी मोबाइलमधून ते ॲप काढले, असे लिहून इथे थांबता आले असते. त्यांनी काढले, मार्चमध्ये पुन्हा घेतले, रमजानमध्ये काढले, दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा घेतले. २०२२ च्या जूनमध्ये मात्र त्यांनी स्वतः पगाराचे खाते भाभींच्या हवाली केले. आमच्या वहीतले ते पान त्यांनी फाडून मागितले होते. ते त्यांच्या पाकिटात आहे, घडीवर घडी पडून चिरत चाललेले. एकदा कॅन्टीनमध्ये चहाचे पैसे देताना आम्हाला ते दिसले. आम्ही काही बोललो नाही.

धाकट्याने त्याच वर्षी खेळणे सोडले. त्याचा हिशेब चोख होता: तीन लाखांवर डाव, तीन वर्षांच्या रात्री, आणि निव्वळ कमाई एका चांगल्या मोबाइलच्या किमतीएवढी. सुरुवातीला त्याच्याकडे सॉफ्टवेअर होते आणि समोरच्यांकडे नव्हते. पुढे ते सर्वांकडे आले. मग टेबलावर पाच धाकटे एकमेकांचे आकडे पाहत एका माशाची वाट बघत बसू लागले आणि कंपनी आपला वाटा कापत राहिली. सोडताना एका ओळखीच्या खेळाडूने त्याच्याकडून तो नोंदींचा साठा विकत मागितला. अशा साठ्यांचा धंदाच असतो. मोबदला वाईट नव्हता. धाकट्याने दोन दिवस विचार केला आणि विकला नाही. पुसलाही नाही. हार्ड डिस्क अम्मीच्या कपाटात शालींच्या खाली आहे.

ऑक्टोबर २०२३ पासून या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागू झाला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड; खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार धरलेले नाही. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशांची टेबले बंद केली. शिक्षक खोलीत सरांनी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "टेबल उठलं. हप्ता २०२७ पर्यंत आहे."

दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरण आहे. त्यात बावन्न पत्त्यांची उदाहरणे येतात आणि दरवर्षी एखादी मुलगी विचारते, "टीचर, पत्ते तर वाईट ना?" आम्ही उदाहरणे सोडत नाही. उलट आता एक जास्तीचा तास घेतो. प्रत्येकीने कागदाच्या चिठ्ठ्यांचे पत्ते करायचे, शंभर वेळा दोन काढायचे, आधी अंदाज लिहायचा, मग काय आले ते लिहायचे, आणि आपला अंदाज किती वेळा चुकला याच्या ताळ्याच्या खुणा करायच्या. आकडा बहुतेकींचा मोठा येतो. वर्गात हशा पिकतो. तास संपला की मुली कागद आमच्या टेबलावर आणून ठेवू लागतात, तेव्हा आम्ही ते परत देतो. त्या तक्त्याला आम्ही गुण देत नाही आणि आमच्या नोंदवहीत तो उतरवतही नाही. ज्याचा आकडा, त्याच्या दप्तरात गेला पाहिजे.